जोडाक्षरं राहिली

ता. ३-२

चि. टिचकी,

बाई मेली. आज सकाळी. फार हाल नाही. तू ये.

आजी


जमीन-मोजणीचा तंबू, १२ फेब्रुवारी

ती. आजीस,

सा. न. करतेय, पण दात-ओठ खाऊन.

तुझं कार्ड काल मिळालं. इथे फोन लागत नाही, टपाल आठवड्याच्या जीपमधून येतं. कार्ड म्हणजे उघडा मजकूर. आधी ड्रायव्हरने वाचलं, मग स्वयंपाक्याने, मग साखळी धरणाऱ्या दोघांनी. माझ्या हातात पडेपर्यंत सगळ्या तंबूला कळलं होतं की माझी कुणी 'बाई मेली'. ड्रायव्हरने हळूच विचारलं की घरी कामाला होती का.

आजी, ती माझी बाईआजी होती. बाबांची आई, तुझी सख्खी विहीण. अख्खं गाव जिला बाई म्हणायचं ते तिने जन्मभर शाळेत शिकवलं म्हणून. तिच्याबद्दल 'मेली'? मांजर मेली म्हणतात. 'वारल्या' लिहायचंस, निदान 'गेल्या'. तुमचं दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य मला माहीत आहे, पण माणूस गेल्यावर तरी जिभेला गाठ मारावी.

मी येऊ शकले नाही. कालच निघाले होते, पण तोवर घाट खचला, जीप अर्ध्यावरून परत आली. दिवसभर माझी मापं चुकत होती आणि दर वेळी वाटत होतं, आता बाईआजी पाहील.

बाबांचं पत्रही त्याच जीपने आलं. शाळेत शोकसभा आहे आणि भाषण मी लिहून पाठवायचं आहे. मला ती आठवते ती लाल पेनासकट. वसतिगृहातून मी तिला पत्र टाकायची, ते तपासून परत यायचं. खाली शेरा: मजकूर बरा, ऱ्हस्व-दीर्घ पुन्हा. एवढ्यावर भाषण होत नाही. त्यातच खाली आई लिहिते की शेवटचे दिवस तू तिच्या उशाशी होतीस. का होतीस ते मला कळलेलं नाही, पण होतीस तर आठवणी पाठव.

आणि एक. ते कार्ड लिहिलं कुणी? तू तर अंगठा उठवतेस.

रागावलेली, तरी लोभ मागणारी,
टिचकी


१९ फेब्रुवारी

चि. टिचकीस,

आशीर्वाद आहेतच, ते कुठे पळून जात नाहीत. आधी कान इकडे कर.

हे पत्र तुझा मामा लिहितोय. मी बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं, स्वतःची अक्कल मिसळायची नाही, असं बजावून बसवलाय. दिवसभर लोकांच्या कुलपांच्या चाव्या करतो, त्यामुळे त्याला वाटतं आपल्याला सगळंच उघडतं. (हे वाक्य गाळणार होतो, गाळू दिलं नाही. – मामा)

ते कार्ड मी लिहिलं. माझ्या हाताने, दोन कार्डं वाया घालवून. आता 'मेली'चं ऐक. मला 'मेल्या' लिहायचं होतं. मान देऊन. पण त्यात ल आणि य एकमेकांत अडकलेले असतात आणि ते कसे अडकवायचे ते मला येत नाही. 'वारल्या'चीही तीच गत, आणि तू म्हणतेस त्या 'गेल्या'चीसुद्धा. जोडाक्षरं पुढच्या महिन्यात घेऊ, असं बाई म्हणाल्या होत्या. पुढचा महिना उजाडला, बाई नव्हत्या. म्हणून मान राहिला. तोंडी हवा तेवढा आहे माझ्याकडे, कागदावर उतरत नाही त्याला मी काय करू?

'गेली' लिहिता आलं असतं. पण गेली म्हटलं की माणूस विचारतं कुठे गेली, कधी येणार. बाईंचा नियम होता, जे झालं ते लिहा.

आता आठवणी मागतेस तर घे. तुझ्या आईबापाच्या लग्नात फोटो काढायची वेळ आली, तेव्हा या बाईने दोन्हीकडच्या पाहुण्यांना उंचीप्रमाणे उभं केलं. शाळेच्या रांगेसारखं. मी उंच, म्हणून मी मुलीची आई असून मागच्या रांगेत, एका दाढीवाल्याच्या शेजारी. तो कुणाचा कोण ते अजून कळलेलं नाही. फोटोत माझं फक्त कपाळ आलंय. त्यावर मी वर्षभर अबोला धरला. बाईंना तो कळलाच नाही, कारण वर्गात शांतता असली की त्यांना बरंच वाटायचं.

मग एकदा त्या घरी आल्या. माझा स्टोव्ह नेमका भडकला आणि मी त्याला 'मेला' म्हणून हाणलं. स्टोव्हला म्हणते, नळाला म्हणते, तुझ्या आजोबांनाही म्हणायची. बाईंनी पर्स उघडली. त्यांच्या पर्समध्ये पैसे असोत नसोत, खडू असायचाच. काळ्या ओट्यावर त्यांनी दोन अक्षरं काढली आणि म्हणाल्या, ही शिवी दिवसातून इतक्यांदा हासडता, एकदा तिचं तोंड तरी बघा. मी बघत राहिले. एवढीशी होती गं! मला वाटायचं चांगली ओटाभर असेल. मी फडक्याने पुसली. त्यांनी पुन्हा काढली. पुन्हा पुसली, पुन्हा काढली. शेवटी म्हटलं आणा तो खडू, मीच काढते, म्हणजे तुम्ही घरी तरी जाल.

अशी मी शिकले. आधी ओट्यावर, मग शाळा सुटल्यावर त्या टोकाच्या खोलीत. निवृत्त झाल्यावरही बाईंनी ती खोली सोडली नव्हती. तिथे माझ्यासारख्या आणखी तिघी होत्या. इस्त्रीवाली, भाजीवाली आणि लॉजच्या खोल्या झाडणारी एक, ती तर मुकीच वाटायची. अ अननसाचा नाही. ज्या बाईच्या तोंडात जो शब्द सारखा, तो तिचा पहिला धडा. भाजीवालीला 'भाव पक्का'. इस्त्रीवालीला 'इस्त्री'. तिला पहिल्याच दिवशी एवढं मोठं जोडाक्षर आलं, ती तीन दिवस रडली. मला 'मेला'. मी विचारलं होतं की 'मेल्या' का नाही, मी तर तेच जास्त म्हणते, 'अरे मेल्या' करून. बाई म्हणाल्या, तेवढं राखून ठेवलंय. जोडाक्षर सुरू करू तेव्हा तुमचं पहिलं तेच.

मग छातीत कफ झाला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. मी रोज जायची. प्रेमाने नाही, पाटी तपासून घ्यायला. त्या पडल्या-पडल्या तपासायच्या. शेवटच्या सकाळी पाटी हातातून घसरली. मला म्हणाल्या, जोडाक्षरं राहिली. तुझ्या बाबाला, आईला काही नाही, मला हे.

आता मुद्द्याचं. हेडमास्तर परवा भेटले. शोकसभा झाली की बाईंचा फोटो त्या खोलीत लावणार आणि खाली मोडके बाक रचणार, कारण कोठीचं छप्पर गळतंय. खोलीची चावी माझ्याकडे आहे, ती परत करा म्हणाले. मी म्हटलं बघू. मामाला विचारलं, दुसरी चावी करून देशील का, तर तो लिहायचाच थांबला. भित्रा. (शाळेच्या कुलपाची चोरून चावी मी करणार नाही. – मामा)

खोली मी सोडणार नाही. जोडाक्षरं झाल्याशिवाय तर नाहीच.

रागाबरोबर जेवणही वेळेवर कर. लोभ आहे तिथेच आहे.
आजी


२७ फेब्रुवारी

ती. आजीस,

शि. सा. न., आणि या वेळी मनापासून वाकून.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तिसऱ्यांदा हसले, चौथ्यांदा नाही. ड्रायव्हरला बोलावून सांगितलं की बाई म्हणजे माझी आजी, आणि 'मेली' हे आदरानेच लिहिलेलं होतं, जोडाक्षर राहिलं होतं. त्याला काही कळलं नाही, पण त्याने टोपी काढली.

मला माफ कर असं म्हटलं तर तू उलट शिवी देशील, म्हणून म्हणत नाही.

सोबत भाषण पाठवतेय. बाबांना भारदस्त हवं होतं म्हणून तसं लिहिलंय. मामाकडून वाचून घे.

एक सुचवू का? पोस्टकार्डावर मी तुला दर आठवड्याला एक जोडाक्षर काढून पाठवते. घरबसल्या शिकशील. खोलीसाठी हेडमास्तरांशी भांडायला जाऊ नकोस. त्यांचंही खरं आहे, पावसात बाक कुठे ठेवतील? आणि आजी, बाईआजीशिवाय तो वर्ग म्हणजे वर्ग राहिलाय का? चार बायका आणि एक फळा. शिकवणार कोण? फोटो तरी तिथे राहील.

तुझ्या लोभाची भुकेली,
टिचकी


१० मार्च

चि. टिचकीस,

आशीर्वाद. रागानेच देतेय, पण कमी नाहीत.

पोस्टाने शिकायला मी काय मनीऑर्डर आहे? बाईंनी मला बोट धरून शिकवलं, ते बोट पाकिटात मावत नाही. आणि चार बायका आणि एक फळा म्हणतेस. मग बाईंच्या शाळेत दुसरं काय असायचं? हत्ती?

भाषण मामाने वाचून दाखवलं. 'वात्सल्यमूर्ती'पाशी दोनदा अडखळला, 'ज्ञानदीप'पाशी खोकला. मी म्हटलं, मूर्ती बसून असते, या बाईला बसलेली मी कधी पाहिली नाही. वात्सल्यही नव्हतं. माझी पाटी पुसून टाकताना तिचा हात एकदाही थरथरला नाही. तुझे बाबा म्हणाले, असू द्या आई, सभेत असंच म्हणतात. मी म्हटलं, म्हणोत.

सभा शाळेच्या व्हरांड्यात झाली. खुर्च्या पुढे मोठ्या माणसांना, मागे आम्हाला. बाईंनी उंचीप्रमाणे बसवलं असतं. तुझ्या बाबांनी भाषण चांगलं वाचलं, शेवटी त्यांचा आवाज गेला, ते मात्र कागदात लिहिलेलं नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, विहीणबाईंनी दोन शब्द बोलावेत. लोकांना वाटलं मी पदर डोळ्याला लावीन आणि बसेन.

मी उभी राहिले. म्हटलं, बाईंनी माझं एक काम अर्धं टाकलंय. त्या आता येणार नाहीत, तेव्हा ते मीच पुरं करणार, आणि त्याला ती टोकाची खोली लागते. फोटो लावायचा तर जरूर लावा, पण फोटोखाली बाक नको, बाकावर माणसं हवीत. मागून इस्त्रीवालीने टाळी वाजवली. शोकसभेत टाळी! तिला वाटलं वाजवायची असते.

हेडमास्तर वाईट माणूस नाही, हे तुझं खरं. तो बाईंचाच विद्यार्थी, त्याचे कान त्यांनीच लांब केलेत. सगळ्यांसमोर त्याने नीट विचारलं की शिकवणार कोण. गप्प बसायचं म्हटलं तर जीभ माझी, ऐकते थोडीच. मी म्हणाले, जिला जे येतं ती ते शिकवेल. लोक हसले. तुझी आई खाली बघायला लागली. हेडमास्तर हसला नाही. म्हणाला, ठीक आहे. बाईंनी तुम्हाला जे शिकवलं नाही असं एक जोडाक्षर सगळ्या मिळून शिका आणि पुढच्या शुक्रवारी मला फळ्यावर दाखवा. जमलं तर खोली तुमची, नाही जमलं तर चावी माझी.

म्हणजे आता पळता भुई थोडी. घरी येताना मामा म्हणाला, कशाला पैज घेतलीस, तुला तर एकही जोडाक्षर येत नाही. मी म्हटलं, तेवढंच तर कारण आहे.

तू जोडाक्षर पाठवू नकोस. पाठवलंस तर न बघता चुलीत घालीन. आमचं आम्ही बघू.

लोभ ठेव, भाषण ठेवू नकोस.
आजी


१८ मार्च

ती. आजीस,

सा. न. थोडक्यात लिहितेय, जीप उभी आहे.

जोडाक्षर पाठवत नाही. भाषणाची प्रत फाडली. 'ज्ञानदीप' मलाही लिहिताना खोटं वाटलं होतं. बाईआजीने त्याखाली लाल रेघ मारली असती आणि समासात लिहिलं असतं, कोण?

मी तुला वर्ग सोडून दे म्हटलं कारण ती नसताना तिथे दिवा लागलेला मला सोसला नसता. हे तुझ्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. आता म्हणते, सोडू नकोस.

शुक्रवारी माझी मापं पुन्हा चुकणार.

लोभाची वाट बघणारी,
टिचकी


२५ मार्च

चि. टिचकीस,

आशीर्वाद, आज जरा हात सैल सोडून.

सगळं क्रमाने सांगते. मामाला म्हटलंय, मध्ये चहाला उठायचं नाही.

शोकसभेनंतर आम्ही रोज बसलो. पहिल्या दिवशी नुसत्या एकमेकींची तोंडं बघत होतो. मग इस्त्रीवालीने आपला शब्द फळ्यावर काढला, कारण तिला तेवढाच येतो. मी विचारलं, यातला स आणि त वेगळा काढून दाखव. ती म्हणाली, मला वेगळा येत नाही, मला इस्त्रीच येते. दोन दिवस त्या इस्त्रीची शकलं करण्यात गेले. भाजीवालीने 'पक्का'तला क फोडला, तो सोपा निघाला, एकाच्या पोटात दुसरा. मग 'पुन्हा' काढला. तो शब्द बाई इतका वापरायच्या की आम्हा चौघींना तो बघून-बघून पाठ होता, फक्त त्यातही जोडाक्षर आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पण हे सगळे शब्द बाईंनीच दिलेले. हेडमास्तरला हवं होतं त्यांनी न दिलेलं. आणि मला हवा होता माझा ल आणि य, तो कुणाकडेच नव्हता. मी फळ्यावर 'मेला' काढायची आणि पुढे अडायची. नुसता ल, त्यापुढे या असं लिहून बघितलं, तर ते 'मेलया' झालं. इस्त्रीवाली हसली. मी म्हटलं हस, तुझी इस्त्री थंड पडो.

आणि मग ती लॉजवाली उठली. आजवर तिने हजेरीलासुद्धा 'हं' एवढंच म्हटलेलं. तिने फळ्यावर तिचा शब्द काढला. 'खोल्या'. बाईंनी अंथरूण धरायच्या आदल्या दिवशी तिला तो दिलेला. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं! मी म्हटलं, मेले, एवढे दिवस बसून राहिलीस? तर ती म्हणाली, तुम्ही बोलत होतात.

तिने मला हात धरून दाखवलं. ल चा उभा दांडा काढून टाकायचा. दांडा काढला की अक्षर लंगडं होतं, एकटं उभं राहत नाही, मग शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकतं. एवढंच जोडाक्षर. बाईंनी तिला असंच सांगितलं होतं म्हणे. मी 'खोल्या'तला 'खो' पुसला आणि तिथे 'मे' लिहिलं. बघितलं. चांगलं बघितलं.

शुक्रवारी हेडमास्तर आला. मला वाटलं तो कागद काढून काही अवघड विचारेल. तो म्हणाला, माझं पद लिहा. म्हणजे 'मुख्याध्यापक'. मामाने आता लिहून दाखवलं तेव्हा कळलं त्यात काय-काय कोंबलेलं आहे, पण तेव्हा ऐकूनच मी खडू भाजीवालीकडे सरकवला. भाजीवाली म्हणाली, भाव फार चढा सांगितलात. मग इस्त्रीवाली पुढे झाली. तिने 'इस्त्री'तला स त घेतला, त्याची र ची शेपटी पुसली, आणि आम्ही चौघींनी मिळून लिहिलं 'हेडमास्तर'. ड कुठल्या बाजूला वळतो यावर भांडण झालं, पण लिहिलं. हा शब्द बाईंनी आम्हाला कधीच दिला नव्हता. त्या त्याला अजून 'गाढवा' म्हणायच्या.

तो म्हणाला, हे माझं पद नाही. मी म्हटलं, पद पुढच्या महिन्यात. मग त्याने खडू उचलला, 'मास्तर'मधला आमचा काना जरा लांब केला, बाई करायच्या तसा, आणि चावी न मागता गेला.

कोठीचं छप्पर अजून गळतंय, त्यामुळे बाक आणावेच लागले. अर्ध्या खोलीत मोडके बाक, अर्ध्या खोलीत मोडक्या आम्ही. फोटो लावलाय. मी उंच असल्यामुळे खिळा मीच ठोकला. या वेळी पुढच्या रांगेत.

उद्या मी स्वतः एक कार्ड टाकणार आहे. मामाला दाखवणार नाही. (मी चोरून बघणार आहे. – मामा)

लोभ वाढव, वजनही वाढव.
आजी


ता. २६-३

चि. टिचकी,

मामा नाही. ही मी.

आधीचं पत्र चुकीचं होतं. पुन्हा लिहिते.

बाई मेल्या. सकाळी. फार हाल नाही.

पुन्हा की पून्हा ते मला अजून ठरत नाही. लाल शाई घे, चूक असेल ते दाखव, हे पत्र परत पाठव. आता हे काम तुझं. रडत बसू नको. वाट पाहते.

लोभ पक्का.
आजी